खोक्याचं तोंड कोणीकडे?

काही कामं एका दिवसात संपतात, पण त्यांचे किस्से संपत नाहीत. आमच्या शाळेच्या मदत पथकाचं काम ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी संपलं. साहेब लोक मशीन घेऊन बसमध्ये बसले, आम्ही बॅज परत दिले आणि घरी गेलो. त्याला आता कितीतरी दिवस झाले. तरी दुपारच्या सुट्टीत डबा उघडताना कुणी नुसतं ‘रॅम्प’ म्हटलं की साक्षीला ठसका लागतो. कुणी ‘वड्या’ म्हटलं की इंगोले सर खिडकीबाहेर पाहतात. एकावरून दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि घंटा होते.

मी बोलण्यात पुढे नसते, म्हणून लिहून ठेवते आहे. बोलताना मैत्रिणी मध्येच तोडतात. वही तोडत नाही!

*

तहसीलवरून शाळेला पत्र आलं. मतदान केंद्र आमच्याच शाळेत होतं. गावातल्या दिव्यांग मतदारांना घरून आणायला, खुर्ची ढकलायला, मतदानाच्या खोलीच्या दारापर्यंत पोचवायला विद्यार्थ्यांचं पथक हवं होतं. इंगोले सर दहावीच्या वर्गात आले आणि म्हणाले, "कोण कोण येणार?"

अर्धा वर्ग उभा राहिला. त्या तासाला गणिताची चाचणी होती.

सरांनी पहिलं नाव साक्षीचं घेतलं. ते सगळ्यांना पटलं. साक्षी गावात कुणाशीही बोलू शकते, आणि कुणी भेटलं नाही तर रस्त्यातल्या म्हशीशी बोलते. दुसरं नाव सरांनी माझं घेतलं. मी तर उभीसुद्धा राहिले नव्हते.

"सर, सुजाता?" मागून कुणीतरी ओरडलं. "ती तं हजेरीलेबी नुसता हात वर करते!"

"म्हणूनच," सर म्हणाले. "मतदान गुप्त असतं. हिच्याइतकं गुप्त या शाळेत दुसरं काहीच नाही!"

*

पहिलं काम यादीचं होतं. साक्षी विचारायची, मी लिहायची.

"घरात कोणी दिव्यांग मतदार आहेत का?"

पहिल्या दिवशी अख्ख्या गावात एकही सापडला नाही. एका घरात आजोबा भिंत धरून धरून चालत होते, आणि त्यांच्या मागे उभी राहून सून सांगत होती, "आमच्याइकडं सगळे धडधाकट हायत वो." दुसऱ्या घरात खाटेवरच्या आजीनं स्वतःच उत्तर दिलं, "मले काही नाही झालं. मी फक्त उठत नाही."

त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, की यादीतल्या मतदारांना घरून न्यायला ऑटो येईल आणि त्यांना रांगेत थांबावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी ही गर्दी!

"लिहा, कंबर," एक काका म्हणाले.

"काका, कंबर दुखणं यात येत नाही," साक्षी म्हणाली.

"बरं, मंग दोन्ही गुडघे लिहा. त्यानं येते काय?"

काका मोटारसायकलवर बसूनच बोलत होते. मागे गव्हाचं पोतं बांधलेलं होतं.

"गाडी चालवताना नाही दुखत गुडघे?"

"गाडीले कुठं रांगेत उभं राहा लागते!" काका म्हणाले आणि किक मारून निघून गेले.

*

एक नाव मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. कमलमावशी.

कमलमावशींना लहानपणी ताप आला तेव्हापासून दिसत नाही. आता त्या पन्नाशीच्या आहेत. त्यांच्या घरची भाजीची बागाईत आहे. मेथी, पालक, आणि आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात तो सांबार, हे सगळं त्या हातानं चाचपून खुडतात, जुड्या बांधतात आणि मालेगावच्या बाजारात बसून विकतात. दुसऱ्याच्या टोपलीतल्या जुडीवरून नुसता हात फिरवून सांगतात, "ही कालची हाय."

आम्ही गेलो तेव्हा दारात त्यांचे दीर नामदेवकाका उभे होते. काका यंदा सरपंचपदाला उभे होते. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली.

"लिही. अंध. सोबती लागते. दरवेळी मीच राह्यतो वहिनीसंगं, मीच बटन दाबून देतो. यंदा मी सोता उभा हावो, तं आमचा गजू जाईन."

नियमात ते बसतं. अंध मतदाराला अठरा वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो. मी ‘सोबती: पुतण्या’ असं लिहायला घेतलं. तेवढ्यात ओसरीवरून, जुड्या बांधता बांधता, मावशी म्हणाल्या, "पोरी, पेन उचल."

मी उचललं. त्यांना कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

"सोबती नाही लागत मले. मी एकटी जातो."

"वहिनी, तुमाले दिसत नाही."

"तुमाले तं दिसत होतं ना भाऊजी? मंग इतक्या खेपा तुमी कोनाले देलं ते मले सांगितलं काय कधी?"

"सांगत होतो ना!"

"काय सांगत होते? मी पुसलं का एकच जवाब. ‘चांगल्याच माणसाले देलं.’"

"मंग चांगल्यालेच देत होतो!"

"थेच म्हणतो मी. चांगला कोन, थे एक डाव माह्या बोटाले ठरवू द्या."

काका माझ्याकडे वळले. "पोट्टेहो, यादी करायले आल्या तं यादी करा. घरात भांडनं लावू नका."

मी वहीत पाहिलं. मावशींनी आजवर प्रत्येक निवडणुकीत बोटाला शाई लावून घेतली होती. बटण मात्र एकदाही स्वतः दाबलं नव्हतं. मी लिहिलं, ‘सोबती: नाही.’ आणि खाली रेघ ओढली. काका बघत होते, म्हणून रेघ थोडी वाकडी आली.

*

सरांना हे कळल्यावर ते एकदम खूश झाले. मशीनवर बटणांजवळ ब्रेलमध्ये आकडे असतात, असं त्यांनी वाचलं होतं. कुठून तरी त्यांनी ब्रेलचा एक कागद मिळवला आणि मावशींच्या हातात ठेवला.

"मावशी, आता अडचणच नाही! वाचा."

मावशींनी कागदावरून बोट फिरवलं. मग उलट्या बाजूनं फिरवलं.

"घामोळ्या आल्यासारखं लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "काय हाय हे?"

"ब्रेल आहे ना!"

"तुमाले वाचता येते काय, सर?"

"मला? मला कशाला यायला पाहिजे? मला दिसतं."

"आन मले दिसत नाही म्हनून आपोआप येते काय?"

सर गप्प बसले. आमच्या वर्गानं इतकी वर्षं प्रयत्न करून जे साधलं नव्हतं, ते मावशींनी एका वाक्यात केलं!

*

मग साक्षीनं खोकं केलं. चपलेचं रिकामं खोकं घेतलं, तहसीलच्या पत्रकावरचा मशीनचा फोटो पाहून त्यावर आखणी केली आणि एका कडेला भावाच्या शर्टाच्या गुंड्या चिकटवल्या. खऱ्या उमेदवारांची नावं लिहायची नव्हती, म्हणून सरांनी भाज्या उभ्या केल्या. वांगं, भेंडी, कारलं, गोबी आणि दोडकं.

"वांग्याले देऊ का भेंडीले?" मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं. "आधी भाव सांगा."

रोज शाळा सुटली की आम्ही त्यांच्या ओसरीवर जायचो. एका बाजूला मावशी, समोर आम्ही दोघी, मध्ये खोकं. साक्षी गुंड्यांवर टकटक करत वाचायची, "वरून पहिलं वांगं, दुसरी भेंडी, तिसरं कारलं..." मावशी बोटानं मोजायच्या, "एक जुडी, दोन जुडी, तीन जुडी," आणि दाबायच्या. आमच्या वॉर्डात प्रत्येकाला तीन मतं होती. एक सरपंचाचं, दोन सदस्यांची. तिन्ही दिली की मशीन लांब ‘पीं’ असा आवाज करतं. आमच्या खोक्यात आवाज नव्हता, म्हणून साक्षी तोंडानं पीं करायची. ती इतकं मन लावून करायची की समोरच्या घरचं कुत्रं उठून बसायचं.

मावशी एका दिवशी कारल्याला द्यायच्या, दुसऱ्या दिवशी गोबीला, तिसऱ्या दिवशी दोडक्याला. शेवटी साक्षी म्हणाली, "मावशी, रोज एकालाच द्या ना. हाताला सवय होईल."

"आन तुमाले कळंन का मावशीचं बोट कोनत्या नंबरवर जाते ते!" मावशी म्हणाल्या. "गुप्त असते म्हनते ना तुमचा सर?"

*

आता रॅम्प.

मतदानाच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत. तिथे सिमेंटचा उतार करायचा होता. मिस्त्रीनं दोन दिवसांत करून दिला. गुळगुळीत, देखणा, आणि घसरगुंडीसारखा उभा. आरोग्य केंद्रातून चाकांची खुर्ची आली होती. सर म्हणाले, "मी स्वतः बसून पाहतो."

साक्षीनं आणि मी जोर लावून सरांना वर चढवलं.

"वा!" सर म्हणाले. "आता उतरवा. हळूहळू."

हळूहळू हा शब्द पूर्ण व्हायच्या आत खुर्ची आमच्या हातातून सुटली होती. सर मैदान ओलांडून झेंड्याच्या ओट्यापर्यंत गेले. रस्त्यात पाचवीची मुलं कवायत करत होती. त्यांनी शिस्तीत दोन रांगा करून सरांना वाट दिली आणि सलामी ठोकली.

सरांनी चष्मा नीट केला आणि मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या कागदावर ‘खोलीत जाण्यासाठी’ असं लिहेल होतं. यायचं कुठं लिहेल होतं?"

*

दुसरा रॅम्प लांब आणि बेताचा झाला. दोन्ही बाजूंना पाइप लागले. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी सर आम्हाला घेऊन शेवटची पाहणी करायला आले, तर रॅम्पवर वरपासून खालपर्यंत धोतर पसरलेलं, आणि त्यावर मूगवड्या!

एक काकू पायरीवर बसून कावळे हाकलत होत्या.

"काकू, हे काय?"

"मूगवड्या. एवढी सपाट जागा गावात कुठं हाय? वरून पानीबी निथरून जाते. लय अक्कलेनं बनवली बरं सर तुमी."

"काकू, हा दिव्यांगांसाठी आहे!"

"मंग?" काकू म्हणाल्या. "माह्या सासूले पायानं चालता येत नाही. वड्या तिच्याच हायत!"

सरांकडे यावर नियम नव्हता. उन्हं उतरल्यावर आम्ही तिघांनी मिळून वड्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या सासूबाई ऑटोतून आल्या. खुर्चीवरून रॅम्प चढताना मध्येच म्हणाल्या, "थांबव." आणि वाकून कडेला राहिलेली एक वडी उचलून पदरात बांधली. मग मत द्यायला गेल्या.

*

मतदानाच्या दिवशी सकाळी पहिले आले ते दगडूभाऊ. त्यांचा एक पाय पोलिओनं गेला आहे. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. ते कुबडीवर ज्या वेगानं चालतात, त्या वेगानं मला धावता येत नाही.

आम्ही खुर्ची घेऊन पुढे झालो. साक्षीनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, आपल्या मदतीसाठी आम्ही हजर आहोत, कृपया बसावे."

दगडूभाऊंनी खुर्चीकडे पाहिलं. चाक दाबलं. खाली बसले, पिशवीतून पाना काढला, चाक सोडलं, ट्यूब काढली, थुंकी लावून भोक शोधलं आणि तिथेच पंक्चर काढलं. मग दुसऱ्या चाकाचा नट आवळला. मागे रांग बघत उभी होती.

"बसा आता," साक्षी म्हणाली.

"मी जातो माह्या पायानं," दगडूभाऊ कुबडी काखेत घेत म्हणाले. "तुमी खुर्चीले धरून आना. तिची तब्येत बरी नाही!"

*

एक छोटासा किस्सा. कमी दिसणाऱ्या मतदारांसाठी केंद्रावर एक भिंग दिलेलं होतं. अकरा वाजता एका आजोबांनी ते मागितलं. केंद्राध्यक्ष साहेबांनी टेबल पाहिलं, खण पाहिले, पिशवी उलटी केली, आणि कर्मचाऱ्यांवर रागावले, "दिव्यांगांची वस्तू आहे, सांभाळता येत नाही? कुठे गेलं भिंग?"

"साहेब," एक मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून त्याच्यानंच मतदार यादी वाचताय."

*

मारोतीआबांना अजिबात ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण ‘बॅटरी उतरते’ म्हणून ते घरी डब्यात ठेवतात. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, असं आबांना वाटतं.

आबा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. खोलीत साहेब, कर्मचारी आणि उमेदवारांचे एजंट बसलेले. मी दारात उभी.

"कपाट!" आडोशामागून आवाज आला. आबा एकेक निशाणी मोठ्यानं वाचत होते. "हा तं लग्नाले बोलावते आन वाढत नाही."

कपाटाचा एजंट बाकावर सरळ झाला.

"छत्री! याच्या बापानं माह्या वावराचा धुरा दोन हात सरकवला."

"आबा, मनात! मनात!" साहेब ओरडले. आबांना ते कसं ऐकू जाणार?

"टेबल. हा बरा हाय." टेबलाचा एजंट हसला. "पन बायकोले पुसल्याशिवाय खोकलत नाही." एजंट हसायचा थांबला.

असे आबांनी तिन्ही मतांचे सगळे उमेदवार तपासले. मग मशीन पीं वाजलं. ते सगळ्यांना ऐकू आलं, आबा सोडून. आबा वाट पाहत तसेच उभे! शेवटी साहेबांनी उठून पुठ्ठ्यावर थापट्या मारल्या, तेव्हा आबा बाहेर आले. दारापाशी थांबून त्यांनी साहेबांच्या कानाशी तोंड नेलं आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "साहेब, मी कोनाले देलं थे कोनाले कळलं तं नाही ना?"

*

कमलमावशी दुपारी आल्या. ऑटोतून नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत आल्या. नवीन लुगडं, डोक्याला तेल. फाटकाबाहेर, जिथपर्यंत उमेदवारांना थांबता येतं तिथे, नामदेवकाका उभे होते. गजू मात्र मतदार म्हणून आमच्या मागोमाग आत आला.

साक्षी बाहेर खुर्चीपाशी होती. मी मावशींना दारापर्यंत आणलं. माझं काम तिथे संपत होतं.

आत त्यांच्या बोटाला शाई लावत होते. मावशी ओठ हलवून काहीतरी मोजत होत्या आणि त्यांचं डावं बोट हवेत वरून खाली जात होतं. सराव करत होत्या. मी कौतुकानं पाहत होते. मग माझी नजर दारावरच्या चित्राकडे गेली. ‘मतदान कसे करावे.’ चित्रात मशीन होतं, आणि त्यावर बटण दाबणारा हात होता.

बटणं उजव्या कडेला होती.

मी मावशींचा डावा हात पाहिला. पुन्हा चित्र पाहिलं. आणि मला ओसरी आठवली. एका बाजूला मावशी, समोर आम्ही, मध्ये खोकं. खोक्यावरची नावं साक्षीला वाचता यावीत म्हणून खोक्याचं तोंड रोज आमच्याकडे असायचं! आम्हाला सुलटं, म्हणजे मावशींना उलटं. आमची उजवी कड ती त्यांची डावी. आमचं ‘वरून पहिलं’ ते त्यांना खालून पहिलं. मावशी शिकल्या तसं मोजणार, आणि मत जाणार भलत्यालाच. इतक्या वर्षांनी स्वतः दाबलेलं पहिलं मत!

मावशी आडोशाकडे निघाल्या.

"उलटं आहे!" मी ओरडले.

मला वाटलं मी हळूच बोलले. पण नंतर साक्षीनं सांगितलं, की तिला फाटकाशी ऐकू आलं.

मग कपाटाचा एजंट उभा राहिला. "मशीन उलटी लावली?"

"कोनी लावली?"

"म्हनजे सकायपासूनची मतं उलटी पडली काय?"

"आमच्यावालीबी?"

सगळे एजंट उभे. केंद्राध्यक्ष साहेबांच्या हातातलं भिंग खाली पडलं. "कोण बोललं? कोण तू? नाव काय तुझं?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला दारातच विरघळून जावंसं वाटलं. पण मावशी आडोशापासून दोन पावलांवर उभ्या होत्या.

"सुजाता," मी म्हणाले. "मशीन नाही साहेब. खोकं. खोकं उलटं आहे."

"कसलं खोकं?"

"चपलेचं."

"कोणाची चप्पल?"

मग मी सगळं सांगितलं. गुंड्या, वांगं, भेंडी, ओसरी, तोंड कुणाकडे होतं ते. इतकं लांब मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. साहेबांनी कपाळ पुसलं. एजंट एकेक करून बसले. आणि रांगेतून गजू पुढे आला.

"साहेब, काकू उलटंच शिकली मनते ना पोट्टी? मंग आता मत वाया घालवता काय? मी जातो संगं. सोबतीचा कागद आना, सही करतो."

साहेब विचारात पडले. "मावशी, गोंधळ होत असेल तर सोबती घ्या. हरकत नाही."

हे माझ्यामुळे झालं होतं. मी गप्प राहिले असते तर मत चुकलं असतं, आणि बोलले तर ते गजूच्या हातात चाललं होतं!

मावशी आवाजाच्या दिशेनं माझ्याकडे वळल्या. "काहून रडून राह्यली वं?"

मी रडत नव्हते. पण आवाज न करता नाक ओढलं तरी त्यांना कळतं.

"मावशी, आम्ही तुम्हाला उलटं शिकवलं."

"मले माहीत हाय."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. साक्षी ‘वरून पहिलं’ म्हने आन टकटक माह्या पोटापाशी वाजे. मंग खोक्याचं तोंड कोनीकडं हाय, थे समजत नाही काय? बाजारात रोज टोपली मांडतो मी. मालाचं तोंड गिऱ्हाइकाकडं असते, विकनाऱ्याकडं नसते. तुमी गिऱ्हाइकासारख्या बसल्या होत्या. मी रोज मनात पलटवून घेत होती."

"मग आत्ता डाव्या हातानं का मोजत होता?"

"उजव्या हाताले शाईवाल्यानं धरलं होतं ना बाप्पा!"

शाई डाव्या बोटाला लावायची असते, हे आठवून शाईवाल्या कर्मचाऱ्यानं चूक पकडल्यासारखा आपला हात मागे घेतला.

"पण मावशी," मला राहवेना, "पहिल्या दिवशीच सांगितलं का नाही?"

"तुमी एवढ्या मन लावून शिकवत होत्या," मावशी म्हणाल्या. "कायले मन मोडावं पोरीहो तुमचं?"

साहेब हसले. त्यांनी तिन्ही मतांच्या उमेदवारांची नावं क्रमानं, मोठ्यानं, एकदा सगळी वाचली. मग म्हणाले, "सोबतीची गरज दिसत नाही. जा मावशी."

गजू रांगेत परत गेला. मावशी आडोशामागे गेल्या.

आतून आवाज नाही. मारोतीआबांसारखं एखादं वाक्य यावं, अशी एजंटांची फार इच्छा दिसत होती. साहेब भिंगातून टेबलाकडेच पाहत होते. मी मनात मोजत होते, एक जुडी, दोन जुडी. बराच वेळ गेला. खूपच वेळ गेला.

पीं.

एवढा गोड आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मावशी बाहेर आल्या, पदर नीट केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही रॅम्पवरून उतरलो. साक्षीनं लांबूनच तोंडानं आणखी एक पीं केलं.

फाटकाबाहेर नामदेवकाका वाट पाहत होते. त्यांनी आधी मला अडवलं.

"पोरी, दारातच उभी होती ना तू? तुले दिसलं असंन."

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. याची मला चांगली सवय आहे.

काकांनी मावशींकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ केला. "वहिनी, बराबर दाबल्या गेलं ना?"

"हो भाऊजी."

"मंग... कोनाले देलं?"

मावशींनी मेथीची जुडी चाचपावी तसा काकांचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"चांगल्याच माणसाले देलं."